आमेन होईपर्यंत कुणी बोलायचं न्हाई

आमच्या घरात उघड्या डोळ्यानं भांडणं कधी झालीच न्हाईत. म्हंजे भांडणं लई होती, पण ती समदी संध्याकाळच्या प्रार्थनेत व्हायची. दिवे लागले की माय सतरंजी टाकायची, आबा टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, मी अन् मन्या मांडी घालून बसायचो, अन् एकेकानं आळीपाळीनं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची. नेम असा होता की एकजण देवाशी बोलून राहिला असंल तर दुसऱ्यानं मधी तोंड घालायचं न्हाई. आमेन होईपर्यंत गप. हा नेम कुणी काढला म्हाईत न्हाई, पण मायनं त्याचा पुरेपूर फायदा घेतला. दिवसभर ती आबाला एक शब्द बोलायची न्हाई. डोळे मिटले की सुरू. "हे दयाळू बापा, अर्धापूरची बस नांदेडच्या स्टँडवर थांबली की काही लोकांचे पाय कुणीकडं वळतेत, ते तुला वरून दिसतंच. त्या लोकांच्या खिशात बडीशेप कशापायी असती, तेबी तुला ठाव हाय." आबा हात जोडून, मान खाली घालून ऐकायचे. तोंडातली बडीशेप चघळायची थांबलेली असायची. त्यांची पाळी आली की ते म्हणायचे, "प्रभू, ज्या बाईला तू एवढी लांब जीभ दिलीस, तिला भाजीत मीठ टाकायची आठवणबी देत जा." माय डोळे मिटूनच नाक ओढायची, पण बोलता येत नव्हतं. मन्या लहान. तो शेजारच्या शेळीसाठी, गल्लीतल्या कुत्र्यासाठी, रहीमचाचाच्या गुडघ्यासाठी, समद्यांसाठी मागायचा. अन् मी फकस्त मन्याबद्दल मागायचो. "देवा, दुसऱ्याच्या ताटातलं अंडं खाऊ नये, अशी बुद्धी काही लोकांना दे."

हे सगळं मी बोलायलो अन् मन्याची पोरगी लिहून घ्यायली. मला लिहिता येत न्हाई. तिच्या बापाबद्दल काही बोललो की तिची बोटं थांबतेत. मी म्हणतो, लिही बाई, तुझा बाप काही लहान न्हाई होत.

आबा अर्धापूरच्या तहसील हपिसात शिपाई. रोज सकाळी एसटीनं जायचे, संध्याकाळी यायचे, अन् यायच्या वेळी पिशवीत केळी असायची, वाकडी, डागाळलेली, बाजारात न जाणारी. आमच्या घरात केळ्याची भाजी, केळ्याची कोशिंबीर, भाकरीसंगं केळ, वरणासंगं केळ. माय दवाखान्यात आया. घर देवळाच्या मागल्या अंगाला. आमचं देऊळ म्हंजे पत्र्याचं. घंटा परवडली न्हाई म्हणून दारात रुळाचा तुकडा टांगलेला, त्याच्यावर हातोडी मारायची. रविवारी ते ठणाठणा वाजलं की पलीकडल्या मशिदीतले म्हातारे म्हणायचे, उठा, किरस्तावांची शाळा भरली.

माझ्या आधी मायची दोन लेकरं गेली होती. मी पोटात असताना आबा देवळात जाऊन बसले अन् देवाला म्हणले, हे जगलं तर तुझं, ह्याला मी पादरी करतो. आबा त्याला करार म्हणायचे. त्यांची सगळी दुनिया म्हंजे ते हपिस. देवाशी झालेलं बोलणंबी ते असं सांगायचे जसं तलाठ्यानं लिहिलंय अन् तहसीलदारानं शिक्का मारलाय. घरात पाव्हणे आले की मला उभं करायचे, "हा देवाचा." पाव्हणे माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. अन् कोंबडी शिजली की मांडी माझ्या ताटात यायची. देवाच्या लेकराला मांडी, हा आमच्या घरचा कायदा. मला देव केवढा, कुठं राहतो, काही ठाव नव्हतं. पण त्याच्यामुळं मांडी मिळती एवढं पक्कं कळलं होतं, अन् माझी श्रद्धा लई घट्ट होती.

नंतर शाळेत घातलं अन् घोटाळा झाला. मला क अन् फ सख्खे भाऊ वाटायचे. कुणाची शेपटी कुठल्या बाजूला, ते काही केल्या ध्यानात राहीना. गुरुजी मारायचे, मी सोंगं करायचो, पोरं हसायची. हसली की मला वाटायचं, चला, काहीतरी येतंय आपल्याला. चौथीत दोनदा बसलो अन् मग बसायचंच सोडून दिलं. इकडं मन्या. ते पोरगं शाळेत जायच्या आधीच भज्याच्या पुडीचा कागद वाचायचं. आबा त्याला पुढ्यात घेऊन बसायचे अन् हळूच माझ्याकडं बघायचे. ती नजर मला कळायची. खोडातच सडलेल्या केळीकडं माळी तसं बघतो.

त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला ते झालं. आमच्यात शेतातलं पहिलं पीक देवळात आणून ठेवतेत. कुणी ज्वारीची कणसं आणली होती, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेला कोंबडा, तो उपदेश चालू असताना मधी मधी बोलायचा. आबांना शेत न्हाई. ते खांद्यावर केळीचा घड अन् दुसऱ्या हाताला मन्या घेऊन पुढं गेले अन् समद्यांसमोर म्हणले, "पाळकबुवा, एक फेरफार करायचाय." पाळकबुवा म्हंजे आमच्या देवळाचे पादरी, म्हातारे, दम्याचे. त्यांना समजंना. आबांनी समजावून सांगितलं, की आमच्याकडं एकाचं शेत दुसऱ्याच्या नावावर गेलं की पहिल्याचं नाव कमी करतेत अन् दुसऱ्याचं लावतेत. तसं ह्या करारातून दान्याचं, म्हंजे माझं, नाव कमी करा अन् इमान्युएलचं, म्हंजे मन्याचं, लावा. मोठ्याच्यानं काही व्हायचं न्हाई. सगळं देऊळ हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण हसायची सवय. पाळकबुवा हसले न्हाईत. ते धापा टाकत म्हणले, "अरे बाबा, हा करार तुझ्या हपिसातला न्हाई. हा देवानं केलाय, त्याच्या बाजूनं. तिथं नाव घालायला अन् काढायला तू कोण अन् मी कोण?" आबांनी त्यातलं त्यांना पायजे तेवढंच ऐकलं. मन्याच्या डोक्यावर हात ठेवला, घड खाली ठेवला, मागं येऊन बसले. त्या संध्याकाळी कोंबडी होती. मांडी मन्याच्या ताटात गेली.

लोक म्हणतेत द्वेष हळूहळू वाढतो. माझा एका जेवणात वाढला. मी त्या दिवशी कोंबडीची मान चावत बसलो अन् बघत बसलो की तो मांडी कशी खातो. त्याला खाताबी येत नव्हती नीट, अर्धं मांस हाडालाच. मला वाटलं, एवढं तरी शिकून घे लेका. आज माझे दात पडलेत, कोंबडी पचत न्हाई. तरी लग्नाच्या पंगतीत मांडी कुणाच्या ताटात पडली ते मला लांबून दिसतं.

मन्या दहावीला चांगल्या मार्कानं पास झाला. तवा लातूरचं नाव निघालं होतं. जिकडं तिकडं क्लास. डाळमिलच्या रस्त्याला, माडीवर, गॅरेजच्या मागं, जिथं बाकडी मावतील तिथं क्लास. आबांचा हिशेब असा की पादरी व्हायचं तर डोकं पायजे, अन् डोकं लातूरला तयार करून मिळतं. बारावी झाली की पाळकांच्या शाळेत. मन्याला लातूरला धाडलं अन् त्याच्यासंगं मला, त्याची भाकर बघायला. क्लासच्या पोरांची मेस चालवणारी एक खाला होती. तिच्या माडीवर पोरं राहायची, खाली स्वैपाक. मी तिच्याकडं कामाला लागलो. पहाटे कणीक मळायची, भाकरी थापायच्या, वरणाला फोडणी, मग सायकलच्या दोन्ही बाजूनं डबे लटकावून गावभर. डाळमिल दिवसभर घरघरायची, हवेत तुरीची धूळ, अन् माडीवरून पोरांचं पाठ करणं. सगळ्यांचं एकदम, वेगवेगळं. मला ते शिमग्याच्या बोंबेसारखं वाटायचं.

आता मन्याची भाकर माझ्या हातात. मी काय केलं असंल? करपलेली भाकर त्याला. वरणाचं वरचं पाणी त्याला. खालानं बघितलं एकदा. "दान्या, सगा भाई है ना तेरा? पाण्यावर वाढवायला का त्याला?" मी म्हणलो, "खाला, तो देवाचा हाय, देव बघतो त्याचं." खालानं माझ्या हातातली पळी घेतली अन् स्वतः त्याला वाढलं, तूप घालून. म्हंजे माझ्यामुळं त्याला तूप मिळालं. माझ्या वाइटपणाचाबी फायदा त्यालाच व्हायचा, असं ते नशीब. अन् मन्याला काही कळायचंच न्हाई. करपलेली भाकर खाऊन म्हणायचा, "दादा, तुझ्या हातच्या भाकरीला घरचा वास येतो." मला वाटायचं हा मुद्दाम म्हणायला. न्हाई, तो खरंच म्हणायचा.

गणपती बुडवून गाव झोपलं अन् पहाटे जमीन हलली. मी स्वैपाकघरात पिठाच्या पोत्याला टेकून झोपलेलो. फळीवरची भांडी अंगावर आली. मला आधी वाटलं खाला उठवायली, उशीर झाला आज. मग भिंत हलताना दिसली अन् मी जो पळालो तो थेट चौकात. तिथं उभं राहून बघतो तर हातात पळी. मग आठवलं की आपल्याला एक भाऊ हाय अन् तो माडीवर हाय. परत जायला पाय उचलंना. पाय म्हणत होते तू जा, आम्ही इथं थांबतो. तेवढ्यात मन्या आला, खालाच्या म्हाताऱ्या आईला पाठंगुळी घेऊन, मागं माडीवरची सगळी पोरं. गल्लीतली माणसं म्हणली, वा रे पोरा. मी पळी मागं लपवली. तिकडं धरणीनं माणसं गिळली होती, आम्हाला अजून म्हाईत नव्हतं, अन् मी तिथं उभा राहून काय विचार करायलो होतो? की ही म्हातारी मला का सापडली न्हाई.

उजाडलं तसं किल्लारीकडचं कळायला लागलं. खालानं मेसची चूल बंदच केली न्हाई. पोतंच्या पोतं ज्वारी दळून भाकरी, पिठलं, अन् टेंपो भरून तिकडं. आमच्या लातूरच्या देवळातली माणसंबी निघाली. मन्या त्यांच्यासंगं गेला. मीबी एकदा गेलो. भाकरी वाटल्या, अन् पायाखाली परत जरा थरथरलं तसा टेंपोत चढलो तो उतरलोच न्हाई. जे दिसलं ते मी सांगणार न्हाई, त्याच्यावर मला सोंग करता येत न्हाई. मन्या मात्र तिथंच राहिला. दगड उचलायचा, पावसात भिजायचा. परत आला तवा त्याची नखं गेलेली होती.

क्लास बंद, पोरं गावाकडं गेलेली. आम्ही दोघं नांदेडच्या एसटीत बसलो. अर्धा रस्ता झाल्यावर मन्या खिडकीबाहेर बघत म्हणला, "दादा, मी पादरी होणार न्हाई."

"का रं?"

"तिथं एक बाई होती. सोबतच्यांनी तिला सांगितलं हा पोरगा पादरी होणार हाय. ती म्हणली, मग म्हण काहीतरी माझ्या लेकरासाठी. मी तोंड उघडलं अन् काहीच येईना. मनात एकच यायचं, हायड्रोजन, हेलियम, लिथियम. क्लासमधलं. ती बाई वाट बघत उभी होती दादा."

मी त्याच्या नखं गेलेल्या बोटांकडं बघितलं.

"आबाला एवढ्यात सांगू नको. परीक्षा झाली की मी सांगतो. लई लागंल त्यांना."

"मी कशाला सांगू," मी म्हणलो. अन् माझ्या मनात लाडू फुटायलेले. म्हणलं, आता नाव परत माझ्यावर येणार. दुसरं हाय कोण? मला वाचता येत न्हाई तर काय झालं, पाठ करीन. एसटी खड्ड्यातून चालली होती, बाजूला भाऊ रडायला आलेला, अन् मी मनातल्या मनात पांढरा झगा घालून देवळात उभा.

घरी पोचलो. मायनं मन्याची बोटं हळदीच्या तेलात बुडवली. आबा त्याच्याकडं बघत बसले, डोळे भरून. शेजाऱ्यांना बोलवून सांगायले, "असा पादरी पायजे. आधी दगड उचलणारा, मग बोलणारा." मला कुणी विचारलं न्हाई तू काय उचललंस. चुलीवर कोंबडी होती. कुणासाठी ते सांगायची गरज न्हाई. दिवे लागले, सतरंजी पडली. मायची प्रार्थना झाली, त्या दिवशी तिनं आबांना काही म्हणलं न्हाई, नुसती दोन्ही पोरांबद्दल आभार मानले. मग माझी पाळी.

मी डोळे मिटले. आधी तिकडल्या माणसांसाठी दोन शब्द बोललो, सुरुवात चांगली असावी म्हणून. मग म्हणलो, "अन् हे प्रभू, ज्याच्या नावावर तुझा करार चढवला, तो आता म्हणायला की मी पादरी होणार न्हाई. त्यानं मला एसटीत सांगितलं, तिकडं एका बाईच्या गेलेल्या लेकरासाठी त्याला प्रार्थनाच सुचली न्हाई म्हणून. त्याला क्षमा कर. अन् ज्याचं नाव उगीच कमी केलं, त्याला विसरू नको. आमेन."

माझ्या आमेनला कुणी आमेन म्हणलं न्हाई. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. एवढं भांडायचो, पण शेवटी सगळे मिळून आमेन म्हणायचोच. चुलीवर रस्सा रटरटायला होता, तेवढाच आवाज. मी डोळे उघडायला भ्यालो. बाजूला मन्याचा श्वास ऐकू येत होता, तोंडानं घेतल्यासारखा. आबा उठून त्याला मारतील असं वाटलं, मग वाटलं मला मारतील. मग आबा बोलायला लागले अन् कळलं की ते आमच्याशी बोलायले न्हाईत. पाळी त्यांची होती.

"प्रभू," ते म्हणले, अन् थांबले. "ह्या पोरांना पुरं म्हाईत न्हाई. त्यांच्या मायलाबी न्हाई. तुझ्याशी मी दोन गोष्टी बोललो होतो. पोरगं तुला देतो म्हणलो ती दुसरी. पहिली म्हणलो होतो, आजपासून पिणार न्हाई. दान्या जन्मला अन् त्याच दिवशी आनंदानं मी प्यालो. तू साक्षीला होतास. करार मीच मोडला, पोरगं अजून न्हाऊन झालं नव्हतं तवाच. मग किती दिवस मी रात्री उठून त्याच्या नाकाला बोट लावून बघायचो. म्हणायचो आता हा नेतो, आता नेतो. आमच्या हपिसात अट मोडली की जमीन परत घेतेत, मी स्वतः नोटिसा वाटल्यात. तू घेतलं न्हाईस. मी पीत राहिलो अन् तू आणखी एक दिलंस, भज्याचा कागद वाचणारं." इथं मायनं नाक ओढलं, पण हे नेहमीचं ओढणं नव्हतं. "तिकडं त्या बाईचं लेकरू का गेलं, ते मला कळत न्हाई. तिनं काही मोडलं असंल असं कुणी मला सांगितलं तर मी त्याचं थोबाड फोडीन. मला एवढंच कळतं की ह्या घरात कुणीच काही पाळलं न्हाई. मी न्हाई, अन् आता हाबी न्हाई, अन् त्या मोठ्याला डोळे मिटून चुगली करायची सवय. तरी तू आमचं घर सोडलं न्हाईस. पाळकबुवानं मला सांगितलं होतं, करार तुझ्या बाजूनं हाय म्हणून. मी ऐकलं न्हाई, मला वाटलं माझ्या बाजूनंच चाललंय. हा पादरी झाला न्हाई तर न्हाई झाला. तुझं पक्कं हाय, मला म्हाईत झालंय."

कुणाला वाटंल की त्या दिवसापासून आबांची दारू सुटली. न्हाई सुटली. मरेपर्यंत बडीशेप खिशात होती. पण त्याच्यानंतर ते देवाला भ्यायचे न्हाईत. पिऊन आले तरी सतरंजीवर बसायचे अन् म्हणायचे, आज परत हरलो, तू हाईस ना? मायलाबी मग टोमणे मारायला जमंना. मन्यानं पुढं लातूरलाच क्लास काढला. आता चौकाचौकात त्याचा हाताची घडी घातलेला मोठा फोटो हाय, पोरांच्या फोटोंच्या मधी. रिक्षातून जाताना मी मान फिरवतो, मग परत वळून बघतो. मी देवळाच्या लग्नांचा अन् मयतीचा स्वैपाक करतो. दोघांपैकी पादरी कुणीच झालं न्हाई, अन् आमच्या घरात अजून रोज सतरंजी पडती.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होतो. आबांचं बोलणं संपलं होतं, पण आमेन म्हणले नव्हते. त्यांनी डोळे मिटूनच दोन्ही हात पुढं केले अन् चाचपडत आमची डोकी शोधली. एक हात माझ्या डोक्यावर आला. जड होता, बिडीचा अन् केळीच्या चिकाचा वास येत होता. लई वर्षांनी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. मला रडू यायला पायजे होतं, अन् आलंबी असतं. पण मी आधी एक डोळा किलकिला करून बघितलं.

उजवा हात मन्याच्या डोक्यावर होता. माझ्या डोक्यावर डावा.

मी डोळा परत मिटला. आमेन सगळ्यात आधी मीच म्हणलो.